गुन्हा क्लबाचा, उपास पोरांचा

दिवाळीच्या सुट्टीत सकाळी शिवाजी पार्कवर एक फेरी मारावी. क्रिकेटच्या त्या अफाट गर्दीतही एखादा कोपरा बळकावून पोरांचा फुटबॉल रंगात आलेला दिसतो. दहा पोरांत दोघा-तिघांच्या पाठीवर तरी १० चा आकडा आणि वर ‘मेस्सी’ हे नाव असायचेच. कट्ट्यावर चिरंजीवांचे बूट आणि पाण्याची बाटली सांभाळीत बसलेले एखादे वडील शेजारच्या गृहस्थांना सांगत असतात, “अहो, तेराव्या वर्षी बार्सिलोनाला गेला, म्हणून तर तो मेस्सी झाला!”

गोष्ट खरी आहे. पण तिची दुसरी बाजू त्या कट्ट्यावर सहसा कोणी सांगत नाही. आज तसाच एखादा तेरा वर्षांचा पोर अर्जेंटिनाहून वडिलांचे बोट धरून बार्सिलोनाच्या दारात आला, तर क्लबाला त्याचे नावसुद्धा नोंदवता येणार नाही. नोंदवले, तर क्लबाला शिक्षा होईल. अशी शिक्षा बार्सिलोनाला एकदा झालीही. तिची हकीकत मोठी मजेदार आहे आणि थोडी जिवाला लागणारीही आहे.

कागदी रुमालावरचा करार

लिओनेल मेस्सी रोसारिओ गावचा. अंगात खेळ अफाट, पण शरीराची वाढ खुंटलेली. रोज इंजेक्शने घ्यावी लागत आणि त्यांचा खर्च घरच्यांच्या आवाक्याबाहेरचा. २००० सालच्या सप्टेंबरात वडील त्याला घेऊन बार्सिलोनाला आले. पोराचा खेळ पाहून सगळे थक्क झाले, पण ‘होय’ म्हणायला कोणी पुढे येईना. अखेर १४ डिसेंबर २००० रोजी क्लबाचे कारभारी कार्लेस रेशाक यांनी एका टेनिस क्लबात बसल्या बसल्या, तोंड पुसायच्या कागदी रुमालावर चार ओळी लिहून शब्द दिला. हाच तो जगप्रसिद्ध रुमाल. २०२४ साली लंडनमध्ये त्याचा लिलाव झाला, तेव्हा त्याला सात लाख पौंडांहून अधिक किंमत आली!

ज्या वर्षी मेस्सीचे कुटुंब बार्सिलोनात राहायला आले, त्याच २००१ साली फुटबॉलची जागतिक संस्था फिफा हिने एक नवा नियम केला. अठरा वर्षांखालील खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात जाता येणार नाही, असा तो नियम. दार बंद होता होता मेस्सी आत शिरला, असेच म्हणावयाचे.

नियम आला कोठून?

नियम करणाऱ्यांना मुलांची स्वप्ने मोडण्याची हौस नव्हती. १९९० नंतरच्या दशकात युरोपातल्या फुटबॉलमध्ये पैशाचा पूर आला आणि त्याबरोबर दलालांचाही. पश्चिम आफ्रिकेतल्या गावोगाव हे दलाल हिंडत. चौदा-पंधरा वर्षांचे चपळ पोर दिसले की आईबापांना युरोपची स्वप्ने दाखवीत. कोणी जमीन विकी, कोणी कर्ज काढी. पोर पॅरिसला किंवा ब्रसेल्सला पोचे. तेथे क्लबात परीक्षा होई. पसंत पडला तर ठीक, नाही तर दलाल नाहीसा! परके शहर, कडाक्याची थंडी, खिशात पैसा नाही, कागद नाहीत आणि हात हलवीत घरी परतायला तोंड नाही. अशा पोरांना हात देण्यासाठी कॅमेरूनचे एक माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू झाँ-क्लोद एम्बूमिन यांना २००० साली फ्रान्समध्ये एक संस्था काढावी लागली. यावरून प्रश्न केवढा वाढला होता हे ध्यानात यावे.

तेव्हा नियम आला तो मुलांच्या कळवळ्यापोटीच. त्याला अपवाद थोडेच ठेवले. आईबाप फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर चालेल. युरोपीय संघातल्या देशांत सोळा वर्षे पुरी झाल्यावर जाता येईल, पण शिक्षणाची आणि राहण्याची सोय क्लबाने केली पाहिजे. घर आणि क्लब सरहद्दीच्या अलीकडे-पलीकडे पन्नास-पन्नास किलोमीटरांच्या आत असतील तर तेही चालेल. पुढील काळात निर्वासित मुलांसाठीही वाट मोकळी केली. बाकीच्यांनी अठरा वर्षे पुरी होईपर्यंत थांबावे.

यातला पहिला अपवाद आपल्या मंडळींना पटकन समजेल. चांगल्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून मामाच्या पत्त्यावर मुलाचे नाव घालण्याची युक्ती आपल्याला काही अपरिचित नाही. तेथेही तेच झाले. पोराला क्लबात घालायचे म्हणून वडिलांनी त्या शहरात नोकरी धरायची आणि वर ‘आम्ही नोकरीसाठीच आलो’ असे सांगायचे!

यावर उपाय म्हणजे दाखला. आपल्याकडे शाळा बदलताना शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तसाच फुटबॉलमध्ये देश बदलताना आंतरराष्ट्रीय दाखला लागतो. जुन्या देशाच्या फुटबॉल संघटनेने तो द्यावयाचा आणि नव्या देशाच्या संघटनेने घ्यावयाचा. पूर्वी तो बारा वर्षांवरच्या मुलांना लागे. २०१५ साली फिफाने ही मर्यादा दहा वर्षांवर आणली. म्हणजे चौथी-पाचवीतल्या पोराचा कागदही आता तपासला जातो.

दंडही झाला आणि तीन चषकही!

बार्सिलोनाच्या मैदानालगत ‘ला मासिया’ नावाची एक जुनी शेतघराची वास्तू आहे. १९७९ सालापासून क्लबाने तेथे मुलांचे वसतिगृह चालविले. २०११ साली मुले नव्या इमारतीत गेली, पण नाव तेच राहिले. राहणे, जेवण, शाळा आणि खेळ सारे एका ठिकाणी. या गुरुकुलातून मेस्सी, शावी, इनिएस्ता असे एकाहून एक खेळाडू बाहेर पडले. साहजिकच जगभरच्या आईबापांचे डोळे तिकडे लागले आणि क्लबाचे डोळे जगभरच्या मुलांकडे.

२ एप्रिल २०१४ रोजी फिफाने आपला निकाल जाहीर केला. २००९ ते २०१३ या काळात दहा अल्पवयीन मुलांच्या बाबतीत बार्सिलोनाने नियम मोडले होते. शिक्षा दुहेरी होती. साडेचार लाख स्विस फ्रँक दंड, आणि खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या लागोपाठ दोन हंगामांत एकही नवा खेळाडू नोंदवायचा नाही. हे हंगाम वर्षातून दोनदाच येतात, एक उन्हाळ्यात आणि एक जानेवारीत. म्हणजे बंदी वर्षभराची झाली. दुर्लक्ष केल्याबद्दल स्पेनच्या फुटबॉल संघटनेलाही पाच लाख फ्रँकांचा दंड बसला.

क्लबाने अपील केले. आम्ही मुलांना शाळा देतो, सकस जेवण देतो, घरच्यासारखे वागवितो, मग आमचे चुकले काय, असे क्लबाचे म्हणणे. अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबली आणि त्या थांबलेल्या उन्हाळ्यात क्लबाने काय केले? पुढच्या वर्षभराची बेगमी करून घेतली! एकट्या लुइस सुआरेझसाठी सुमारे आठ कोटी युरो मोजले. साडेचार लाखांचा दंड या हिशेबात कोठे बसतो, हे वाचकांनीच पाहावे.

३० डिसेंबर २०१४ रोजी लोझानच्या क्रीडा-लवादाने शिक्षा कायम केली. २०१५ साल हे बंदीचे साल. आणि त्या सालात बार्सिलोनाने काय मिळविले? स्पेनची लीग जिंकली, राजाचा चषक जिंकला आणि ६ जून रोजी बर्लिनला युव्हेंटसला ३–१ असे हरवून युरोपचा चषकही घरी आणला. तीन मोठी विजेतेपदे एकाच मोसमात, आणि तीही शिक्षा भोगत असताना! अंतिम सामन्यात गोल करणाऱ्यांत सुआरेझही होताच.

एक तारीख, दोन खेळाडू

पण शिक्षेची झळ कोणालाच लागली नाही, असे मात्र नव्हे. ती पाहायची तर चषकांच्या कपाटापासून जरा दूर, सरावाच्या मैदानावर जावे लागेल.

ली सुंग-वू हा कोरियाचा मुलगा २०११ साली तेराव्या वर्षी बार्सिलोनाला आला. चेंडू पायाला चिकटल्यासारखा पळे, म्हणून त्याला ‘कोरियाचा मेस्सी’ म्हणू लागले. २०१३ साली फिफाने हरकत घेतली आणि त्याचे अधिकृत सामने बंद झाले. रोज सराव करायचा, आणि शनिवार-रविवारी बरोबरीची मुले खेळतील तेव्हा बाहेर बसून पाहायचे! असा एखादा आठवडा काढणेही पंधरा वर्षांच्या मुलाला जड जाते. लीने जवळजवळ तीन वर्षे काढली. मायदेशाच्या संघाकडून मात्र त्याला खेळता येई. २०१४ साली बँकॉकला सोळा वर्षांखालील मुलांच्या आशियाई स्पर्धेत तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, आणि स्पेनला परतून पुन्हा बाकावर बसला.

६ जानेवारी २०१६ हा त्याचा अठरावा वाढदिवस. त्या दिवशी त्याच्या पायातली बेडी सुटली. योगायोग असा, की त्याच दिवशी आर्दा तुरान हा तुर्की खेळाडू बार्सिलोनाकडून पहिला सामना खेळला. क्लबाने त्याला बंदीच्या काळातच, २०१५ च्या जुलैत, विकत घेऊन ठेवला होता. त्याने वाट पाहिली सहा महिने, आणि तीही भरपगारी. पोराने पाहिली तीन वर्षे. ज्याच्या रक्षणासाठी नियम केला, त्याला सर्वांत लांब शिक्षा!

ली बार्सिलोनाच्या मुख्य संघातून अधिकृत सामना कधीच खेळला नाही. २०१७ साली तो इटलीतल्या व्हेरोनाला गेला. २०१८ साली कोरियाच्या विश्वचषक संघात होता आणि त्याच वर्षी आशियाई खेळांच्या अंतिम सामन्यात जपानविरुद्ध गोल करून सुवर्णपदकाचा मानकरी झाला. पोर बुडाले नाही, पण पंधरा ते अठरा ही घडणीची वर्षे गेली ती गेलीच.

त्याच गुरुकुलात जपानचा ताकेफुसा कुबो दहाव्या वर्षी आला होता. त्याच्याही वाटेत नियम आडवा आला. खेळता येत नाही तर राहून करायचे काय? २०१५ साली, तेराव्या वर्षी, तो जपानला परतला. पण जिद्द अशी, की अठरावा वाढदिवस झाला त्याच महिन्यात, २०१९ च्या जूनमध्ये, तो पुन्हा स्पेनला निघाला. गेला मात्र बार्सिलोनाच्या हाडवैऱ्याकडे, रिआल माद्रिदकडे!

लंडनला गोड झालेली शिक्षा

बार्सिलोनाला ठेच लागली, पण मागचे काही शहाणे झाले नाहीत. माद्रिदच्या रिआल आणि अ‍ॅटलेटिको या दोन्ही क्लबांना २०१६ साली अशीच शिक्षा झाली. रिआलची लवादाने एका हंगामावर आणली. अ‍ॅटलेटिकोला २०१७ साली दोन्ही हंगाम पुरे भोगावे लागले. त्यानंतर पाळी आली लंडनच्या चेल्सीची. २०१९ च्या फेब्रुवारीत एकोणतीस मुलांच्या बाबतीत नियमभंग झाल्याचे फिफाने ठरविले. सहा लाख फ्रँक दंड, दोन हंगाम बंदी. डिसेंबरात लवादाने दोन्ही निम्मे केले.

पण चेल्सीत या शिक्षेने एक नवल घडविले. चेल्सी म्हणजे पैशाची थैली मोकळी सोडणारा क्लब. घरची मुले शिकवायची आणि मोठी झाली की दुसऱ्या क्लबांना उसनी द्यायची, अशी तिथली रीत. त्या उन्हाळ्यात एडन हॅझार्डसारखा मोहरा माद्रिदला गेला आणि त्याच्या जागी बाहेरून कोणी घेता येईना. बाजार बंद झाला की गृहिणी फडताळ उघडून पाहते, तसे नवे शिक्षक फ्रँक लॅम्पर्ड यांनी घरात शोधले. मेसन माउंट, टॅमी अब्राहम, रीस जेम्स ही क्लबाच्याच अंगणात वाढलेली पोरे सापडली. माउंट आणि जेम्स तर सहाव्या वर्षापासूनचे. या पोरांच्या बळावर संघ इंग्लंडात चौथा आला. २९ मे २०२१ रोजी पोर्तो शहरी चेल्सीने युरोपचा चषक जिंकला, तेव्हा एकमेव गोलासाठी चेंडू पुरविला तो माउंटने. परमुलखातली पोरे आणल्याबद्दल शिक्षा झाली आणि घरच्या पोरांचे भाग्य उघडले!

आपल्या कट्ट्यावर

मग नियम चुकीचा काय? तसे म्हणवत नाही. ली आणि कुबो यांच्यामागे आईबाप होते, नावाजलेला क्लब होता. त्यांची नावे जगाला ठाऊक झाली. पॅरिसच्या रस्त्यावर टाकून दिलेल्या पोरांची नावे कोणाला ठाऊक आहेत? नियम त्यांच्यासाठी आहे आणि तो राहिलाच पाहिजे. खटकते ते इतकेच, की नियम मोडला मोठ्यांनी, पैसा मोठ्यांचा, वकील मोठ्यांचे, अपीलही मोठ्यांचे. मूल मात्र मैदानाच्या कडेला. क्लबाला दंड करताना त्या मुलाने उद्यापासून कोठे खेळावे, याचा निवाडाही त्याच कागदावर व्हावयास हवा.

आपल्यालाही यातून घेण्यासारखे आहे. फिफाचा हा नियम भारतातल्या मुलांनाही लागू आहे. तेव्हा उद्या कोणी गोडबोल्या आपल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा खेळ पाहून, “अमुक इतके भरा, युरोपातल्या क्लबात नाव घालून देतो,” म्हणाला, तर पैशाच्या पाकिटाला हात घालण्यापूर्वी हा लेख आठवावा. अठरा वर्षांच्या आत ते दार सहसा उघडत नाही, आणि चोरवाटेने उघडले तर आत गेलेल्या पोरालाच ते अडकवून ठेवते.

तोवर शिवाजी पार्कचा कोपरा आहे, शाळेचा संघ आहे, पाठीवर १० चा आकडा आहे. खेळू द्यावे. मेस्सी होवो न होवो, ज्या दिवशी सामना आहे त्या दिवशी पोराला मैदानात उतरता येणे, ही काही लहान गोष्ट नव्हे. ली सुंग-वूला विचारा.