शतावरीचं पथ्य

कबूल केलेला मेथोट्रेक्सेट या औषधावरचा लेख आज पुढे ढकलतो. तंजावरच्या एका मराठी घरातून आजींचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न आठवडाभर थांबवण्यासारखा नाही.

त्यांच्या नातवाला ॲस्पॅराजिनेजची इंजेक्शनं सुरू आहेत. हे औषध रक्तातलं ॲस्पॅराजिन संपवून ल्युकेमियाच्या पेशींची उपासमार करतं, हे मागच्या लेखात वाचून आजींनी शतावरी कल्प बंद केला, मोडाचे मूग बंद केले. आता सांबारातली तूरडाळही कमी करू का, असं विचारतात.

आजींचा तर्क रास्त आहे. १८०६ साली, तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजी असताना, पॅरिसमध्ये व्होकलँ आणि रोबिके यांनी ॲस्पॅराजिन हे अमिनो आम्ल पहिल्यांदा वेगळं केलं, ते शतावरीच्या बहिणीच्या, म्हणजे ॲस्परॅगसच्या रसातून. कडधान्याला मोड येतात तेव्हाही बियांतला नायट्रोजन कोंबापर्यंत पोचवायचं काम बरंचसं तेच करतं.

पण आजी, ताटातून काढून ते रक्तातून जात नाही. आपलं शरीर ते घरच्या घरी बनवतं, ॲस्पार्टेट आणि ग्लुटामिन घेऊन. त्यासाठी लागणारं सिंथेटेज एन्झाइम निरोगी पेशींना हवं तेव्हा वाढवता येतं. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशींत मात्र ते बहुधा तुटपुंजं असतं. त्यांची सगळी भिस्त रक्तावर, आणि औषधाचा घाव नेमका तिथेच बसतो. डाळीतून आलेलं असो की यकृतातून, रक्तातलं ॲस्पॅराजिन इंजेक्शनातलं एन्झाइम फोडतच राहतं. पथ्य औषधच पाळतंय म्हणा ना.

डाळ तोडण्यात उलट धोका आहे. या औषधाने यकृताची प्रथिनं बनवण्याची गती आधीच मंदावते. अल्ब्युमिन उतरतं, रक्त गोठवणारी आणि गोठू न देणारी, दोन्ही तऱ्हेची प्रथिनं कमी पडतात. त्यात खाण्यातली प्रथिनं घटवली, तर पोराचे स्नायू झिजतील, आणि झिजणाऱ्या स्नायूंतूनही अमिनो आम्लं रक्तात उतरतात. तेव्हा सांबार घट्टच करा.

मूग मात्र कच्चे नकोत. कारण ॲस्पॅराजिनचं नाही, जंतूंचं. ओलसर उबेत मोडांबरोबर जंतूही वाढतात, आणि पांढऱ्या पेशी उतरलेल्या मुलाला ते झेपत नाहीत. चांगले शिजवून द्या. शतावरीचा डबा तेवढा बंदच राहू द्या आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवा. केमोथेरपी चालू असताना कुठलंही चूर्ण, कल्प त्यांच्या नजरेखालून गेलेलंच बरं. पोटात जोराची कळ आली, उलट्या लागल्या, तर घरगुती उपाय करत बसू नका. या औषधाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. तडक इस्पितळ गाठा.

आहारातल्या अमिनो आम्लाचा औषधावर परिणाम होतच नाही, असं नाही. २०१८ साली ल्युकेमियाच्या उंदरांना मेथोट्रेक्सेटसोबत हिस्टिडिन जास्तीचं दिलं, आणि औषधाचा असर वाढला. तिथे तोडायचं नव्हतं, वाढायचं होतं. ते का, हे पुढच्या आठवड्यात, मेथोट्रेक्सेटबरोबरच.