मुक्कामी गाडी, डोव्हर

‘मुक्कामी’ हा शब्द मला कधीच आवडला नाही. ह्यांनी एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर म्हणून काढली, आणि त्यातली निम्मी तरी मुक्कामी ड्यूटीवर. शहरातल्या वाचकांसाठी सांगते. तालुक्याहून संध्याकाळी सुटलेली शेवटची गाडी एखाद्या आडगावी जाते आणि रात्री तिथंच थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीत, नाहीतर देवळाच्या ओवरीत पाठ टेकतात. पहाटे तीच गाडी दूधवाले, शाळेची मुलं, कोर्टाच्या तारखेला निघालेली माणसं घेऊन परत फिरते. गावाच्या दृष्टीनं ही मोठी सोय. घरी मात्र मी आणि लेक दाराला कडी लावून दोघीच. लेकीचा ताप, शेजारची चोरी, सासूबाईंचं शेवटचं आजारपण, सगळं नेमकं ह्यांच्या मुक्कामाच्या रात्रीच उगवायचं. ‘तुमची ती मुक्कामी’ असं म्हणताना माझा आवाज कधी नीट लागलाच नाही.

तोच शब्द गेल्या वर्षी मे महिन्यात मला थेट इंग्लंडच्या टोकाला भेटला.

लेक लेस्टरला नर्स आहे. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. जावईबापूंनी आठ दिवसांसाठी मोटरहोम भाड्यानं घेतलं. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. आत पलंग, गॅसची शेगडी, छोटा फ्रीज, पाण्याची टाकी आणि कपाटाएवढा संडास. बेत असा, की डोव्हरहून सकाळी सव्वासहाची फेरीबोट धरायची आणि गाडीसकट फ्रान्समध्ये उतरायचं. आमच्या कोकणात दाभोळ-धोपाव्याला फेरीबोटीत जीप चढते, तसंच हे. फक्त बोट एखाद्या इमारतीएवढी!

सकाळी सव्वासहाची बोट म्हणजे धक्क्यावर तास-दीड तास आधी हजर हवं. लेस्टर ते डोव्हर तीनशेएक किलोमीटर. वाटेत लंडनला वळसा घालणारा एम-२५ हा रस्ता. तो कधी तुंबेल याचा भरवसा नाही. म्हणून मोटरहोमवाले शहाणी माणसं आदल्या संध्याकाळीच बंदराजवळ पोचून रात्र काढतात. जावयांनी हे सांगितलं तेव्हा लेक हसून म्हणाली, “बाबा, म्हणजे आपली मुक्कामी गाडी!” हे खूश झाले. मी खिडकीबाहेर पाहत बसले.

पण मुक्काम करायचा कुठं, ही खरी अडचण. पुष्कळ पार्किंगच्या तोंडाशी दोनेक मीटर उंचीवर लोखंडी आडवी दांडी असते. मोटार आत जाते, मोटरहोम अडतं. रस्त्याकडेला रात्री थांबायचं, तर प्रत्येक गावचे नियम निराळे आणि ते खांबावरच्या बारीक अक्षरांत. आम्ही समुद्रासमोर एक छान जागा पाहून गाडी लावली, चहा टाकला, आणि दारावर टकटक झाली. बाहेर एक वयस्कर बाई. अतिशय सभ्य शब्दांत त्यांनी सांगितलं, की इथं रात्री झोपायला परवानगी नाही, पाटी पलीकडच्या खांबावर आहे. जावई ओशाळले. बाई पुढं म्हणाल्या ते मात्र माझ्या लक्षात राहिलं. काही लोक रात्री येतात, संडासाची टाकी गटारात रिकामी करतात, कचरा टाकून पहाटेच्या बोटीनं निघून जातात. ज्यांच्या दारात हे घडतं त्यांनी काय करायचं? मला आमच्या गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरचे सुट्टीचे दिवस आठवले. बाईंचा राग येईना.

पलीकडे फ्रान्समध्ये यावर छान तोडगा आहे. तिथल्या कितीतरी नगरपालिकांनीच मोटरहोमसाठी तळ बांधले आहेत. त्यांना ‘एर’ म्हणतात. तिथं पाणी भरायचं, घाण पाणी आणि संडासाची टाकी ठरल्या जागी रिकामी करायची, रात्रभर झोपायचं. काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी थोडे पैसे. पाहुणा गावातल्या बेकरीतून पाव घेतो, गावालाही चार पैसे मिळतात. इंग्लंडमध्ये ही सोय फार कमी. तिथं उपयोगी पडतात ते खेड्यातले पब. जेवण त्यांच्याकडे घेतलं, की काही मालक मागच्या आवारात रात्रभर गाडी उभी करू देतात. मात्र आधी विचारायचं.

जावयांनी चार फोन केले आणि सात-आठ मैलांवरच्या एका खेड्यातल्या पबनं होकार दिला. आम्ही पोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते, तरी लख्ख उजेड. गाडी लावायची वेळ आली तसे हे पुढच्या सीटवरून उतरले आणि हातवारे करू लागले. “उलटी घ्या. तोंड रस्त्याकडे. पहाटे अंधारात गाडी मागं घ्यायची नसते.” मग गाडीभोवती एक चक्कर, प्रत्येक टायरला टाचेची एक लाथ, चाकाखाली ठोकळा. निवृत्त होऊन चौदा वर्षं झालेला माणूस पुन्हा ड्यूटीवर चढला होता.

आत निराळाच प्रश्न उभा राहिला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२१ पासून, ब्रिटनमधून तिकडे जाताना प्रवाशांना मांस आणि दूधदुभत्याचे पदार्थ नेता येत नाहीत. घरचं दही, चीज, एवढंच काय, तूपसुद्धा! आणि मी तर लेकीकडे कढवलेल्या साजूक तुपाची बरणी बरोबर घेतलेली. पबमध्ये बटाट्याचे काप आणि वाटाणे खाऊन झाले होते, तरी गाडीत परत येऊन मी कुकर लावला. वरणभातावर कधी नव्हे एवढं तूप ओतलं. उरलेलं शेजारच्या मोटरहोममधल्या इंग्रज आजी-आजोबांना दिलं. आजींनी ते टोस्टवर लावून चाखलं आणि डोळे मिटून घेतले. त्यांनी आम्हांला एक मोलाची गोष्ट सांगितली: बोटीवर चढण्याआधी गॅस सिलिंडर आठवणीनं बंद करा, तिथं विचारतात.

रात्री मला झोप येईना. छतावर टपटप पाऊस. दूर कुठंतरी ट्रकची घरघर. दोन वाजता पाहिलं, तर हेही जागेच.

“जागा नवीन म्हणून का?” मी विचारलं.

“नाही गं. मुक्कामाला मी कधी नीट झोपलोच नाही,” हे म्हणाले. “गाडीत झोपलं की कान जागाच राहतो. पाणी वाढलं का, कुणी काच वाजवतंय का. आणि एकच धास्ती, पहाटे गाडी चालू झाली नाही तर? त्या एका गाडीवर गावाचा बाजार, दवाखाना, पोरांची परीक्षा. मी चुकलो तर चाळीस माणसांचा दिवस चुकायचा.”

एकतीस वर्षांत हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. कारण मी विचारलंच नव्हतं. माझ्या मनात कायम हेच, की घरी आम्ही जागतोय आणि हे कुठंतरी हवेशीर ओवरीत घोरत असतील. दोन्हीकडे जागरण चाललं होतं, मध्ये फक्त चाळीस किलोमीटरचा घाट होता. मी म्हटलं, “मला वाटायचं, तुम्हांला आमची काळजीच नाही.” अंधारात बराच वेळ काही उत्तर आलं नाही. मग हे म्हणाले, “काच वाजली की पहिल्यांदा वाटायचं, घरून निरोप आला.”

वरच्या बिछान्यावर लेक जागी होती की नव्हती, मी विचारलं नाही. तिच्याही आता रात्रपाळ्या असतात.

चार वाजता, गजर व्हायच्या आधी, हे उठून बूट घालत होते. पावणेपाचला आम्ही धक्क्यावर. या डोव्हर बंदरात गाड्या थेट चाकांवर बोटीत चढवायचा धक्का १९५३ साली सुरू झाला. त्याआधी मोटारी क्रेननं उचलून ठेवत. फ्रान्सचे पोलीस पासपोर्ट तपासतात तेही इथंच, इंग्लंडच्या जमिनीवर. आम्हां दोघांचे शेंगेन व्हिसे निरखून त्यांनी शिक्के मारले. गॅसचं खरंच विचारलं. एकापाठोपाठ एक ट्रक, बस, मोटरहोम बोटीच्या पोटात शिरले.

डेकवर उभं राहिल्यावर मागं खडूचे पांढरेशुभ्र कडे दिसू लागले. समोर इंग्लिश खाडी, अरुंद जागी तेहतीस किलोमीटर. बोटीला दीड तास लागतो. हीच खाडी १८७५ साली कॅप्टन वेबनं जवळजवळ बावीस तास पोहून पार केली. आपल्या मिहीर सेननी १९५८ मध्ये आणि आरती साहांनी १९५९ मध्ये. हे कठड्याला धरून पाण्याकडे बघत होते. मी थर्मासातला चहा ओतला.

“अहो,” मी म्हटलं, “आज तुम्ही प्रवासी. गाडी दुसऱ्यानं चालवायची. झोपा आता थोडं.”

हे आत जाऊन खुर्चीत बसले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. फ्रान्सचा किनारा दिसला तरी मी त्यांना उठवलं नाही. गाडीत परत जायची सूचना झाली, तेव्हा कुठं खांद्याला हात लावला. हे दचकून उठले. “घरून निरोप?”

“नाही,” मी म्हटलं. “मी इथंच आहे.”