विश्लेषण : गोंदियाच्या लाखेतील लाल रंगाचे कोडे पुण्यात कसे सुटले?

गोंदिया म्हटले की तांदूळ आणि विडी आठवते. पण गोंड आदिवासींनी जंगलातून आणलेला डिंक आणि लाख यांचा बाजार येथे भरत असे आणि त्यावरूनच गावाला नाव मिळाले, असे सांगितले जाते. या लाखेतील लाल रंगाची रासायनिक रचना उलगडण्यात एका भारतीय शास्त्रज्ञाच्या चमूचा मोठा वाटा आहे. ते म्हणजे डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन.

लाखेत रंग येतो कुठून?

लाख हा झाडाचा डिंक नव्हे. पळस, कुसुम, बोर यांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे अतिसूक्ष्म किडे वसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचे कवच तयार करतात. लाल रंग असतो तो किड्याच्या शरीरात. फांदीवरून खरवडलेली लाख कुटून पाण्याने धुतली की पाणी लालभडक होते. उरलेल्या दाण्यापासून चपडा, म्हणजे शेलॅक बनते. पूर्वी या पाण्यातील रंगाने रेशीम आणि लोकर रंगवली जाई. तुरटी लावलेल्या कापडावर तो किरमिजी चढतो.

मग हा रंग मागे का पडला?

1856 मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन या 18 वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हातून जांभळा कृत्रिम रंग तयार झाला. त्यानंतर डांबरापासून बनवलेल्या रंगांनी बाजार व्यापला. ते स्वस्त होते आणि प्रत्येक वेळी एकसारखे उतरत. लाखेच्या रंगाची मागणी एकोणिसावे शतक संपता संपता ओसरली. राळेला भाव राहिला आणि रंग धुवणाच्या पाण्याबरोबर वाहून जाऊ लागला.

वेंकटरामन कोण होते?

जन्म 1901, मद्रास. मँचेस्टरमध्ये रॉबर्ट रॉबिन्सन यांच्याकडे त्यांनी संशोधन केले. पुढे लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात असताना वनस्पतींमधील पिवळी रंगद्रव्ये प्रयोगशाळेत बनवण्याची वाट त्यांनी शोधली. ही अभिक्रिया आजही ‘बेकर–वेंकटरामन’ नावाने शिकवली जाते. 1934 मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात आले आणि 1938 मध्ये त्याचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरील त्यांच्या ग्रंथाचे पहिले दोन खंड 1952 मध्ये निघाले. जगभरच्या रंग उद्योगात तो आधारग्रंथ मानला गेला. 1957 मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. 1961 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

कोडे अवघड का होते?

लाखेच्या रंगाला ‘लॅकेइक आम्ल’ असे नाव एकोणिसाव्या शतकातच पडले होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी त्यावर बरेच कामही केले. अडचण अशी, की हा एक पदार्थ नव्हे. एकमेकांशी कमालीचे साम्य असलेल्या अनेक आम्लांचे ते मिश्रण आहे. ती वेगळी केल्याशिवाय रचना कळणे शक्य नव्हते. 1960 च्या दशकात पुण्यात वेंकटरामन, त्यांचे विद्यार्थी ए. व्ही. रामाराव आणि सहकाऱ्यांनी नव्या उपकरणांच्या मदतीने हे घटक सुटे केले. मुख्य घटकांचा सांगाडा अँथ्राक्विनोनचा आहे, हे त्यांच्या शोधनिबंधांतून पुढे आले. मंजिष्ठेच्या मुळातील लाल रंगही याच कुळातला.

आज त्याचा उपयोग काय?

काही अॅझो रंगांपासून कर्करोगकारक द्रव्ये सुटू शकतात, हे लक्षात आल्यावर 1994 मध्ये जर्मनीने आणि 1997 मध्ये भारताने अशा रंगांवर बंदी घातली. नैसर्गिक रंगांकडे पुन्हा लक्ष गेले. मात्र खाद्यपदार्थ किंवा कापडासाठी रंग विकायचा, तर त्यात नेमके काय आणि किती आहे, हे सांगावे लागते. भेसळ ओळखावी लागते. रेणूची रचना ठाऊक असल्यानेच हे शक्य होते.

गोंदियासाठी अर्थ काय?

लाख गोळा करणाऱ्याला पैसे मिळतात ते राळेचे. धुवणाचे पाणी गाळून रंग वेगळा काढला, तर त्याच मालातून दुसरे उत्पन्न निघू शकते. त्यासाठी मोठ्या यंत्रांपेक्षा स्वच्छ पाणी, तपासणीची सोय आणि खात्रीचा खरेदीदार लागतो. आणि मुळात पळस-कुसुमाची झाडे उभी राहायला हवीत. वेंकटरामन 1981 मध्ये गेले. त्यांच्या चमूने उलगडलेली रंगाची रचना आज रसायनशास्त्राच्या पुस्तकांत आहे. तिचा फायदा फांदीवरून लाख खरवडणाऱ्या हातांपर्यंत पोहोचवणे, एवढे काम उरले आहे.