मोठं चाक घालण्याआधी
(पोहरादेवी येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

 

रामनवमीच्या यात्रेत इथं उभ्या असलेल्या गाड्यांची चाकं जरा बघत फिरा. गाडी साधी, पण खाली चकाचक मॅगव्हील, कंपनीच्यापेक्षा एक-दोन इंच मोठं. शोभून दिसतं, नाही म्हणत नाही. पण त्याच गाडीत सात माणसं, टपावर सामान, आणि परतीचा प्रवास भर उन्हातला. म्हणून चाक बदलायचंच असेल तर आकार कसा ठरवायचा, ते आज बघू.

आधी टायरवरचे आकडे वाचू. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला किंवा अर्टिगाला असतं १८५/६५ आर १५. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर. ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के इतकी टायरच्या भिंतीची उंची, साधारण १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिम १५ इंची. आता पूर्ण चाकाची उंची काढा. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर, त्यात वरची आणि खालची भिंत मिळवली की ६२१ च्या आसपास येतं.

सगळा खेळ या ६२१ चा आहे. स्विफ्टच्याच खालच्या मॉडेलला कंपनी १६५/८० आर १४ देत आली. त्याची उंची काढा, ६२० येते. रिम बदलली, रुंदी बदलली, पण उंची जवळपास तीच! कारण स्पीडोमीटर, गिअर, एबीएस हे सगळं त्या उंचीवर बसवलेलं असतं. १६ इंची रिम घालायची तर १९५/५५ आर १६ घ्या, उंची पुन्हा ६२१. दुकानदार १९५/६० देत असेल तर ती ६४० होते, तीन टक्के जास्त. तिथं थांबायचं. त्याच्या वर जाऊ नये असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि मी तर म्हणेन दीड-दोन टक्क्यांतच राहा.

बोलेरोवाले हसतायत, कारण त्यांना पुढचं माहीत आहे. २१५/७५ आर १५ काढून २३५/७५ घालायची आपल्याकडे हौसच आहे. उंची ७०३ वरून ७३३ वर जाते, चार टक्क्यांहून जास्त. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०४ ने पळत असते. चढाला गिअर आधी उतरवावा लागतो, ब्रेकला जास्त जोर लागतो. आणि पूर्ण वळण घेतलं की टायर आत घासतो. हे रिकाम्या गाडीत कळत नाही. माणसं बसवून, खड्ड्यातून, स्टेअरिंग पूर्ण वळवून बघा.

बरं, उंची जुळली म्हणजे झालं का? नाही. १९५/५५ मध्ये भिंत १२० वरून १०७ वर आली. गुळगुळीत रस्त्यावर वळणाला गाडी छान बसते. पण मानोरा-दिग्रसकडे जाताना खड्डा आला, की तो धक्का झेलायला रबर कमी. मग रिम वाकते किंवा भिंतीला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. आपल्या रस्त्यांवर मला विचाराल तर उंच भिंतीचा टायर हाच शहाणा टायर.

आकारानंतर ८८ एच असं लिहिलेलं असतं, त्याकडे कुणी बघतच नाही. ८८ म्हणजे पूर्ण हवेला एक टायर ५६० किलो वजन पेलतो. एच म्हणजे ताशी २१० पर्यंतचा वेग. १९५/५५ आर १६ बहुधा ८७ चा येतो, म्हणजे ५४५ किलो. चार टायरचे ६० किलो कमी झाले, एक माणूस गेला म्हणा ना! म्हणून अर्टिगासारखी भरून चालणारी गाडी असेल तर कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी घेऊ नका.

रिमचं थोडक्यात सांगतो. बोल्टची जागा जुळलीच पाहिजे, स्विफ्टला चार बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात. मधलं भोक हबवर घट्ट बसावं. ते मोठं असेल तर मापाची रिंग टाकून घ्या, नाहीतर वेग वाढला की स्टेअरिंग थरथरतं. आणि ऑफसेट. तो कमी केला की चाक बाहेर येतं, दिसायला रुबाबदार, पण बेअरिंगवर भार वाढतो. स्पेसर लावूनही तेच होतं.

आता समृद्धी महामार्ग. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि टायर फुटून झालेल्या अपघातांची चर्चा गावागावात पोचली. परिवहन खात्यानंही टायर तपासायला घेतले. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो टायर कायद्यानं बाद. दोष सिमेंटचा म्हणतात. पण टायरमध्ये हवा कमी असेल तर भिंत प्रत्येक फेऱ्याला दुमडते आणि त्यानंच तापते. कारंजा लाडच्या इंटरचेंजवरून चढलात, १२० नं तासभर, न थांबता, गाडी भरलेली. गावातल्या रस्त्यावर टायरला मधे मधे निवायला मिळतं, इथं नाही. आणि आपल्याकडे समज काय, तर उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी! अगदी उलटं आहे. दाराच्या चौकटीवर भरलेल्या गाडीसाठी जो आकडा दिलाय तेवढी, टायर थंड असताना भरा. तापल्यावर वाढलेली दिसली तर काढू नका. मात्र तो आकडा कंपनीच्या मापासाठी आहे. माप बदललं तर टायर कंपनीच्या तक्त्यावरून विचारून घ्या.

(प्रश्न : नायट्रोजन भरावा का?)

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. भरलात तर हरकत नाही, पण दर पंधरवड्याला हवा तपासणं त्यापेक्षा जास्त कामाचं.

(प्रश्न : स्टेपनी जुनीच राहिली तर?)

उंची सारखी असेल तर पंक्चरच्या दुकानापर्यंत हळू चालवा. उंचीत फरक असेल आणि ती इंजिनच्या ओढीच्या चाकांना लावलीत, तर डिफरन्शियलला त्रास. तशी वेळ आलीच तर दुसरं चाक मागून पुढं घ्या आणि स्टेपनी मागं लावा, मारुतीसारख्या पुढून ओढणाऱ्या गाडीत हे जमतं. अजून एक, मॅगव्हीलचे नट आणि लोखंडी रिमचे नट कधी कधी वेगळे असतात. जुने नट दुकानात सोडून येऊ नका, पिशवीत घालून डिकीत जॅकजवळ ठेवा.