दोन सोलेनॉइड, चार गिअर

ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना धक्के द्यायला लागली, की गॅरेजमधलं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ मालकाच्या पोटात गोळा येतो. पण बॉक्सला पाना लावण्याआधी एक गोष्ट पक्की करायला हवी. बिघाड विजेचा आहे, तेलाच्या दाबाचा आहे की झिजलेल्या क्लच प्लेटचा? या प्रश्नाचं उत्तर काढायची सोय ज्याच्या रचनेतच होती, असा एक गिअरबॉक्स म्हणजे एडब्ल्यू 4.

जपानची आयसिन आणि अमेरिकेची बोर्ग-वॉर्नर यांनी 1969 मध्ये भागीदारीत आयसिन-वॉर्नर ही कंपनी काढली. तिचा हा चार गिअरांचा बॉक्स 1987 ते 2001 या काळात अमेरिकेत जीप चेरोकीला बसत होता. टोयोटाच्या अनेक गाड्यांतला ए 340 त्याच घराण्यातला.

या बॉक्समध्ये गिअर बदलण्याचा हुकूम सोलेनॉइड देतात. सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेची कॉइल, तिच्या आत लोखंडी दट्ट्या आणि टोकाला झडप. वीज मिळाली की दट्ट्या सरकतो, झडप उघडते आणि त्या वाटेतल्या तेलाचा दाब निघून जातो. वीज तोडली की स्प्रिंग दट्ट्याला परत ढकलते आणि दाब टिकतो. या दाबाच्या चढउतारावर व्हॉल्व्ह बॉडीतल्या मोठ्या झडपा हलतात आणि क्लच-ब्रेककडे तेल सोडतात. गिअर बदलण्याची खरी ताकद तेलाची. सोलेनॉइडकडे फक्त हुकूम.

एडब्ल्यू 4 मध्ये गिअरचा हुकूम देणारे सोलेनॉइड दोनच आहेत, एस 1 आणि एस 2. तिसरा टॉर्क कन्व्हर्टर लॉक करण्यापुरता. पहिल्या गिअरला एस 1 चालू, एस 2 बंद. दुसऱ्याला दोन्ही चालू. तिसऱ्याला एस 1 बंद, एस 2 चालू. चौथ्याला दोन्ही बंद. एवढं पाठ असलं की निम्मं निदान गाडी चालवतानाच होतं. समजा, एस 2 ची झडप बंदच अडकली. मग गाडी पहिल्यावर नीट निघते, दुसरा येतच नाही आणि इंजिन ओरडत राहतं. तिसऱ्याची वेळ आली की ती एकदम चौथ्यावर जाते. एस 1 अडकला तर गाडी थेट चौथ्यावर उचलायला जाते. मालक सांगतो, ‘पिकअपच नाही,’ आणि संशय जातो इंजिनवर.

आता ती सोय. इंजिन बंद करून गिअरबॉक्सच्या कंट्रोलरचा प्लग काढून ठेवायचा, म्हणजे तिन्ही सोलेनॉइडांची वीज तुटते. तरीही गाडी चालते, कारण गिअर लिव्हर एका केबलने व्हॉल्व्ह बॉडीतली झडप हाताने सरकवतच असतो. लिव्हर ‘1-2’ वर ठेवला तर पहिला, ‘3’ वर तिसरा, ‘डी’ वर चौथा गिअर मिळायला हवा, रिव्हर्सही हवाच. हे सगळे नीट पडले, तर पंप आणि क्लच धडधाकट आहेत असं धरून शोध वायरिंग, सेन्सर, कंट्रोलर आणि सोलेनॉइडपुरता ठेवता येतो. प्लग काढूनही गिअर घसरत असेल, तर मात्र दोष बहुधा आतलाच आणि बॉक्स उतरवावा लागू शकतो.

पुढचं काम मल्टिमीटरचं. प्रत्येक सोलेनॉइडला एकच वायर येते, अर्थिंग बॉक्सच्या बॉडीतून मिळतं. त्यामुळे चेंबर न खोलता कनेक्टरची पिन आणि बॉडी यांच्यामध्ये रोध मोजता येतो. तो 11 ते 15 ओहम भरायला हवा. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल किंवा वायर तुटलेली. शून्याच्या आसपास असेल तर कुठेतरी शॉर्ट. इथे घाई नडते. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो: 20 अंशांना 13 ओहम भरणारी कॉइल 90 अंशांना साडेसोळाच्या घरात जाते. गरम गाडीवर मोजून चांगला सोलेनॉइड बाद करण्यापेक्षा ती थंड होऊ द्यावी. उलट, थंड असताना ठीक आणि तापल्यावर तुटणारी कॉइलही असते. तिला गरम असतानाच पकडावं लागतं. म्हणून आकड्यासोबत तापमान लिहून ठेवावं.

रोध बरोबर आला म्हणजे सोलेनॉइड निर्दोष ठरत नाही. बारा व्होल्ट दिल्यावर ‘टक’ असा आवाज यायला हवा. आवाज येऊनही झडपेत क्लचचा भुसा किंवा लोखंडाचा कीस अडकलेला असू शकतो. त्यासाठी एस 1 आणि एस 2 काढून कमी दाबाची हवा सोडून पाहतात: वीज नसताना हवा अडली पाहिजे, वीज देताच सुटली पाहिजे.

विजेचा दोष आणि अडकलेली झडप यांतला हाच फरक आजच्या स्कॅनरच्या कोडमध्येही आहे. अमेरिकेत 1996 च्या मॉडेलांपासून ओबीडी 2 सक्तीचं झालं आणि कोडांना एक भाषा मिळाली. पी 0753 आला तर पहिल्या शिफ्ट सोलेनॉइडच्या सर्किटमध्ये दोष. पी 0751 आला तर तोच सोलेनॉइड हुकूम मिळूनही काम करत नाही, असा कंट्रोलरचा अंदाज. या दुसऱ्या कोडवर नवा सोलेनॉइड टाकून भागेलच असं नाही. जुनं, काळवंडलेलं तेल किंवा अडकलेली झडपही तोच कोड आणते.

आपल्याकडे ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली एएमटी, सीव्हीटी, ड्युअल क्लच आणि टॉर्क कन्व्हर्टर असे चार वेगळे प्रकार विकले जातात, त्यामुळे आधी आपला प्रकार कोणता ते पाहावं. चाकणला तयार झालेल्या महिंद्रा एक्सयूव्ही 700 च्या ऑटोमॅटिकमध्ये आयसिनचाच सहा गिअरांचा टॉर्क कन्व्हर्टर बॉक्स आहे. नव्या बॉक्समध्ये तेलाचा दाबही सोलेनॉइड सांभाळतात, तेव्हा प्लग काढून गिअर तपासायची जुनी युक्ती तिथे चालवू नये. तपासणीचा क्रम मात्र तोच ठेवता येतो. तेलाची पातळी आणि रंग पाहिला का, कनेक्टर उघडून बघितला का, ओहम किती भरले, गाडी थंड होती की गरम? अंदाजपत्रकावर सही करण्याआधी ही चार उत्तरं मागावीत. ती न देता कुणी थेट गिअरबॉक्स उतरवायला निघाला, तर गाडी दुसऱ्या गॅरेजला न्यावी.