अंगावर काढलेले आजार, भाग ६ : बारा दिवसांची धास्ती

मागच्या भागात सिफिलिस पाहिला. त्याचा व्रण दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच अंगावर काढला जातो. आजच्या भागातल्या हर्पीसचा स्वभाव नेमका उलटा. तो दुखतो, आणि पुष्कळदा व्हायच्या आधीच छळायला लागतो.

समजा, वसई गावातल्या होळी बाजाराजवळ राहणारा पंचविशीतला मुलगा. शनिवारी रात्री एका मैत्रिणीशी संबंध आला, निरोध नव्हता. रविवारी दुपारी जांघेत खाज सुटली. रात्री दार लावून मोबाईलच्या टॉर्चखाली तपासणी, मग त्याच मोबाईलवर हर्पीसचे फोटो. त्या फोटोंत सगळ्या जगातले सर्वांत वाईट फोड एकत्र भेटतात. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला विचारावं, तर तो वडिलांना नावानं ओळखतो. गावाच्या बाजारपेठेत राहण्याचा हा तोटा.

ही खाज हर्पीसची नाही. विषाणू शिरल्यापासून पहिली लक्षणं दिसायला साधारण २ ते १२ दिवस लागतात, बहुतेकांना चारेक दिवस. काही तासांत उठलेली खाज घर्षणाची, घामाची, निरोध वापरला असेल तर लॅटेक्सची, नाहीतर आधीपासूनच असलेल्या बुरशीची असते.

हर्पीसच्या धास्तीत एक गोष्ट मात्र साफ विसरली जाते, आणि घाई करायची तर तिथे करायला हवी. एचआयव्हीचा धोका खरोखर असेल, तर तो टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. द्यायची की नाही हे डॉक्टर धोका तोलून ठरवतात. पण ते ठरवायला त्यांच्यासमोर सोमवारी जायला हवं, पुढच्या सोमवारी नव्हे. त्या मैत्रिणीलाही गर्भ राहू नये म्हणून गोळी घ्यायची असेल तर तीही लवकरच घ्यावी लागते. टॉर्च लावून स्वतःकडे बघणाऱ्याला तिला फोन करायचं आठवत नाही.

खरा हर्पीस येतो कसा? आधी एका ठिकाणी मुंग्या, चरचर, आग. मग लालसर कातडीवर पाण्यानं भरलेल्या बारीक पुटकुळ्यांचा झुबका. त्या एक-दोन दिवसांत फुटतात, उथळ, झोंबणारे व्रण होतात, लघवी करताना डोळ्यांत पाणी येतं. पहिल्या खेपेला ताप, कणकण, जांघेत अवधाण हेही येऊ शकतं, आणि सगळं सुकायला दोन ते चार आठवडे जातात. हे झालं पुस्तकातलं चित्र. प्रत्यक्षात पुष्कळांना एखादी बारीक चीर पडते, नाहीतर काहीच कळत नाही. म्हणून बारा दिवस कोरडे गेले तर जीव बराच खाली पडायला हरकत नाही, पण शंभर टक्के दाखला मिळाला असं मात्र नाही.

दाढीच्या ब्लेडनं केस काढल्यावर मुळाशी येणारे फोड, खरूज, कातडीखालचे जन्मापासूनचे पिवळट ठिपके, लिंगाच्या कडेला असणारे मोत्यासारखे निरुपद्रवी दाणे, हे सगळं घाबरलेल्या नजरेला हर्पीसच वाटतं. त्यात वसई-विरारची दमट हवा. घट्ट जीन्स घालून लोकलच्या गर्दीत तासभर घामाघूम उभं राहणाऱ्याच्या जांघेत गजकर्ण होणं हे इथल्या नोकरदारीचं नेहमीचं देणं आहे. गजकर्णावर काय लावतात, तेही ठाऊक आहे: चिठ्ठीशिवाय मिळणारी, स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब. तिनं दोन दिवस थंड वाटतं आणि आजाराचा चेहराच पुसला जातो. खरोखर हर्पीस असेल, तर अशा मलमानं तो चिघळतो, आणि नंतर डॉक्टरलाही काय होतं ते ओळखता येत नाही. म्हणून काही लावू नका, आहे तसं दाखवा.

दाखवायचं कुणाला, हा खरा अडसर. इथे आपल्याकडची एक सोय कामी येते. आपल्या वैद्यकीय शिक्षणात त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग हा एकच विषय आहे. पाटीवर ‘स्किन स्पेशालिस्ट’ लिहिलेला डॉक्टर याच आजारांचाही डॉक्टर असतो. त्याच्या बाकावर बसलेल्या माणसाला मुरुमं आहेत, केस गळतायत की आणखी काही, हे शेजाऱ्याला कळायचं कारण नाही. सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे औषधं रंगांच्या पाकिटांत मिळतात. हर्पीसच्या व्रणाचं पाकीट लाल, त्यात अ‍ॅसायक्लोव्हिरच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या, दिवसातून तीन, सात दिवस. समोर जायची हिंमतच होत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर आधी बोलून घ्यावं. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘गुप्तरोगावर हमखास इलाज’ या कागदांवरच्या नंबरांना मात्र हात लावू नका. गुप्तरोग बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४च्या कायद्यानं गुन्हा आहे. कागद तरीही चिकटतात.

तपासण्यांत पैसे वाया जाण्याची जागा ठरलेली आहे. व्रण ताजा असताना त्याचा द्राव घेऊन केलेली पीसीआर तपासणी सर्वांत भरवशाची. व्रण नसताना, चौथ्या दिवशी लॅबचं महागडं पॅकेज घेऊन रक्त देण्याला अर्थ नाही, कारण प्रतिपिंडं दिसायला बारा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. आयजीएम नावाची तपासणी तर इथे दिशाभूलच करते. आयजीजी या दुसऱ्या तपासणीचा आकडा काठावर असेल, तर तोही खोटा ‘पॉझिटिव्ह’ असू शकतो. लक्षणं नसलेल्यांची हर्पीससाठी सरसकट रक्ततपासणी अमेरिकेतली आरोग्ययंत्रणाही सुचवत नाही. वसईच्या त्या मुलानं एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी मात्र डॉक्टर सांगतील त्या दिवशी करावीच.

आता समजा, निघाला हर्पीस. लोकांना वाटतं, त्या शनिवारचाच हिशेब झाला. पण विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षं निपचित राहतो आणि पहिला फोड संसर्गानंतर कितीतरी काळानं उठू शकतो. फोड नसतानाही तो पसरतो. देणाऱ्याला पुष्कळदा आपल्याकडे काही आहे याचा पत्ता नसतो. त्यातून या विषाणूचे दोन प्रकार. तापानंतर ओठांवर फोड आलेली मावशी लहानपणी पापा घेते, तेव्हा मिळतो तो पहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या दर तिघांतल्या जवळजवळ दोघांत तो आहे, आणि मुखमैथुनातून तो खालीही जातो. दुसरा मुख्यतः लैंगिक संबंधांतून येतो. जननेंद्रियांचा हर्पीस असलेल्या १५ ते ४९ वयाच्या माणसांची जगभरातली संख्या, २०२०च्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ कोटी. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर बायकोच्या अंगावर फोड उठला म्हणजे कुणीतरी बाहेर गेलं, असा निवाडा करणारे नवरे आणि सासवा आहेत. तो निवाडा विज्ञानाला मान्य नाही. कुणी कुणाला दिला, हे बहुतेक वेळा सांगताच येत नाही.

या आजाराच्या बदनामीला इतिहास आहे. ऑगस्ट १९८२मध्ये अमेरिकेतल्या ‘टाइम’ साप्ताहिकानं हर्पीसला मुखपृष्ठावर आणून त्याला नव्या जमान्याचा कलंक ठरवलं. त्याच वर्षी अ‍ॅसायक्लोव्हिरचं मलम तिथल्या बाजारात येत होतं. ज्या प्रयोगशाळेत ते औषध घडलं, तिथल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८चं नोबेल मिळालं. औषध आलं तरी कलंक गेला नाही. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या असल्या खासगी प्रश्नांना सरळ उत्तरं दिली. त्यावरून १९३४मध्ये झालेल्या खटल्यात त्यांची बाजू मांडली डॉ. आंबेडकरांनी, तरी कर्व्यांना दंड झालाच. आज मोबाईल आहे, उत्तर देणारा कर्वे नाही.

हर्पीस मुळापासून जात नाही, हे खरं. पण तो मारक नाही. फोड हळूहळू विरळ येतात, वारंवार येत असतील तर रोजच्या गोळीनं दबतात. चरचर सुरू झाल्यापासून कातडी पूर्ण बरी होईपर्यंत संबंध टाळायचे, एरवी निरोध, तोही धोका कमी करतो, संपवत नाही. जोडीदाराला सांगायचं, तर भांडणाच्या भरात किंवा पलंगावर नको. कपडे अंगावर असताना, दिवसा.

एका बाबतीत मात्र ढिलाई चालत नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदा हर्पीस झाला, तर बाळाच्या जिवाला धोका असतो. नवऱ्याला हर्पीस आहे किंवा असावा, हे गरोदर बाईच्या डॉक्टरांना माहीत असायलाच हवं. सांगितलं तर प्रसूतीची आखणी त्याप्रमाणे होते.

पुढच्या आठवड्यात एचपीव्ही: चामखीळ, गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि मुलींच्या लशीभोवतीची कुजबुज.