पद्मिनीचे सुटे भाग

इटालियन गाडी म्हटली, की आपल्याला फेरारी आठवते. पण भोर-वेल्ह्याच्या ओळखीची इटालियन म्हणजे फियाट! मूळची तुरीनची, घडली वालचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात. १९७४ पासून ती ‘पद्मिनी’ झाली. इंजिन १०८९ सीसीचे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला.

अशी गाडी पुन्हा उभी करताना इंजिनाची फारशी चिंता नसते, रिबोअर होते. जीव टांगणीला लागतो तो काचेभोवतीच्या रबरासाठी, दाराच्या हँडलसाठी. मग नाना पेठ धुंडाळायची, नाहीतर रविवारचा जुना बाजार. मुंबईच्या टॅक्सी भंगारात निघत, तेव्हा त्यांचे भाग मिळत. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. (बँकेच्या वहीत या गाड्यांची किंमत केव्हाच शून्य!)

आता एक चालती ठेवायची, तर दुसरी मोडावी लागते. कुठली मोडायची, हे ठरवताना मेकॅनिकचाही पाना थबकतो.